दर बाजाराचे आलूगुंडे

करडीच्या टेकचंदचं त्या वर्षी सगळं वेळेवर झालं होतं. धान भरघोस आलं, मळणीचा चुरणा आटोपला, तणसाचा ढीग अंगणाच्या कोपऱ्यात रचून झाला, धान कापलेल्या बांधीत लाखोरीचं कडधान्य हिरवंगार उभं होतं. अठ्ठ्याहत्तर सालचा तो हिवाळा. गावात जो तो अंगणात शेकोटीपाशी बसून पुढच्या लग्नसराईच्या गोष्टी करत होता. टेकचंद मात्र शेकोटीपाशी बसला तरी कान घराकडे लावून बसायचा. आत निर्मलाबाई जेवते आहे की नाही, हे त्याला आवाजावरून कळायचं. भाकरीचा आवाज नाही, ताटाचा नाही. नुसता वाटीवर चमचा लागल्याचा आवाज. म्हणजे आजही पेजच.

निर्मलाबाई त्याची बायको. अंगापिंडानं मजबूत, जिभेनं तिखट, आणि खाण्यापिण्याची भारी हौशी. तिच्या हातचे लाखोरीचे वडे खायला शेजारपाजारचे काहीतरी निमित्त काढून यायचे. तिला स्वतःलाही कुरकुरीत, झणझणीत असंच लागायचं. मऊ भात आजाऱ्यानं खावा, असं ती म्हणायची. आणि तीच बाई गेले कित्येक महिने तांदळाच्या पातळ पेजेवर होती.

झालं होतं असं, की शहापूरला दिलेली तिची थोरली बहीण रुखमा त्या पावसाळ्यात वारली. गळ्यात गाठ झाली होती. पहिल्या डॉक्टरनं बघून सांगितलं होतं, काही नाही, सर्दीचं आहे. दुसऱ्यानं गोळ्या दिल्या. जेव्हा खरं काय ते कळलं, तेव्हा रुखमाच्या गळ्याखाली पाणीसुद्धा उतरेना. निर्मलाबाई धानाची रोवणी टाकून बहिणीपाशी जाऊन राहिली होती. चमच्या-चमच्यानं तिनं तिला पेज पाजली. शेवटी शेवटी तीही ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर यायची. रुखमा गेली, दिवस झाले, निर्मलाबाई करडीला परत आली, आणि आठ-पंधरा दिवसांत एका सकाळी भाकरीचा घास तिच्या गळ्यात अडकला.

पाणी प्याली तसा तो उतरला. पण भीती काही उतरली नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा अडकला. मग तिनं भाकरी सोडली. मग भात सोडला. सकाळ-संध्याकाळ दाताला तंबाखूची गुडाखू लावायची सवय होती, दोघी बहिणींची एकच सवय, ती डबी तिनं विहिरीमागच्या खड्ड्यात नेऊन टाकली. गळ्यावर हात ठेवून बसायची. "इथं काहीतरी हाये," म्हणायची, "गोटीसारखं. वर-खाली होते."

घरात मग कढई चढेनाशी झाली. तिच्यासमोर तळण खायचं कसं? टेकचंद आणि मुलगा भोजराज दोघेही खाली मान घालून वरण-भात खायचे. टेकचंद तर दोनदा तिच्यासोबत पेजच प्यायला, तिला बरं वाटावं म्हणून. तेव्हा तिनं त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की पुन्हा त्यानं पेजेची वाटी हातात घेतली नाही.

पण माणूस तोही होता. बाजाराच्या दिवशी तो डोंग्यानं वैनगंगा उतरून मोहाडीला जायचा, आणि तिथं स्टँडच्या बाजूला गुलाबचा ठेला होता. गुलाब आणि त्याची बायको तुळसा दोघं मिळून तो चालवायची. तुळसा कढईपाशी बसून आलूगुंडे तळायची. उकडलेल्या आलूत लसूण, सांबार म्हणजे कोथिंबीर आणि हिरवी मिरची घालून केलेले मोठाले गोळे, वरून बेसनाचं पातळ पांघरूण. गुलाब तो गुंडा पळसाच्या द्रोणात टाकायचा, अंगठ्यानं मधोमध फोडायचा आणि वरून चण्याची लालभडक तर्री ओतायचा. बाजारातल्या हमालालाही परवडावं आणि तहसीलच्या कारकुनालाही सोडवू नये, असं ते खाणं. सुरुवातीला, गुलाब बौद्ध म्हणून, काही लोक दुरूनच वास घेऊन पुढे जायचे. आता त्यांच्यातले निम्मे बाकड्यावर बसलेले दिसायचे.

टेकचंद त्या बाकड्यावर बसायचा, पहिला घास घ्यायचा, आणि नाकाडोळ्यांतून पाणी येईपर्यंत खायचा. त्या पाण्यात तर्रीचं किती आणि घरच्या काळजीचं किती, ते त्यालाही सांगता आलं नसतं. एवढं मात्र खरं, की आठवड्यातून तेवढा एक वेळ त्याला जगणं सोपं वाटायचं. मग बोरिंगवर खळखळून चूळ भरायची, बडीशेप चघळायची, आणि घरी येऊन पुन्हा वरण-भात.

शेवटी भोजराजनंच हट्ट धरला. भंडाऱ्याला नागपूरचे एक घशाचे डॉक्टर दर दहा दिवसांनी येत. त्यांना दाखवायचं ठरलं. पहिल्या खेपेला त्यांनी गळ्यात आरसा घालून पाहिलं, पांढरं औषध पाजून फोटो काढायला लावला. दुसऱ्या खेपेला फोटो घेऊन यायचं होतं. तो दिवस नेमका मोहाडीच्या बाजाराचा.

डॉक्टर वयस्क होते. फोटो त्यांनी उजेडापुढे धरला, बराच वेळ पाहिला, पुन्हा आरसा घालून पाहिलं. मग हात पुसत म्हणाले, "बाई, तुमच्या गळ्यात काही नाही. गाठ नाही, जखम नाही. रस्ता मोकळा आहे."

निर्मलाबाईनं गळ्यावरचा हात काढला नाही. नुसती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

"तुम्ही जरा बाहेर बसा," डॉक्टर तिला म्हणाले, "मी यांच्याशी दोन शब्द बोलतो."

ती बाहेर गेली. टेकचंदनं दार नीट लावून घेतलं. त्याला वाटलं, आता खरं ते सांगणार. पण डॉक्टरांनी विचारलं ते वेगळंच. "घरात अलीकडे कोणी गेलं का?"

टेकचंदनं रुखमाचं सगळं सांगितलं. डॉक्टरांनी मान हलवली. "तेच आहे. बहिणीला जे झालं ते आपल्यालाही झालं, असं मनानं घेतलं आहे. भीतीनं गळा आवळला जातो. घास खरंच अडकतो, बाई खोटं सांगत नाहीत. पण आत काही नाही. त्यांना खाऊ घाला. मऊ नाही, साधं रोजचं खाणं. एकदा उतरलं की उतरेल."

"डाक्टरसाहेब, खरंच सांगून राहिले न जी? माह्यापासून काही लपवू नका."

"लपवण्यासारखं काही नाही. मी लपवत नाही."

टेकचंदला त्यांचे पाय धरावेसे वाटले. तो बाहेर आला तो हसतच. पण बाहेरच्या बाकावर बसलेली निर्मलाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, आणि तिनं वर पाहिलं तेव्हा त्याचं हसू तिथंच विरलं.

"झालं सांगून?" ती म्हणाली.

"अवो, काहीच नाही म्हनते तो! गळा साफ हाये!"

"मंग मले बाहेर काहून पाठवलं?"

त्यानं समजावलं. पुन्हा समजावलं. ती हो-हो म्हणत राहिली. पण मोहाडीच्या गाडीत खिडकीपाशी बसल्यावर तिनं शांतपणे बोलायला सुरुवात केली.

"भोजराजचं लगन उन्हाळ्यातच करून टाका."

"करू न. घाई कायची?"

"माही हिरवी पैठणी सुनेले देजा. भुरी म्हस विकू नका, ते गाभन हाये. अन रुखमाच्या पोरीले दरसाल चोळी-बांगडी करत जा. आपल्याशिवाय तिले कोन हाये?"

"तू कायले असं बोलून राहिली वो? डाक्टर म्हनला..."

"रुखमाचाही डाक्टर म्हनला होता, काही नाही म्हनून."

टेकचंदनं मांडीवरचा फोटोचा लिफाफा सरळ केला. गाडी धानाच्या रिकाम्या बांध्यांमधून हेलकावत जात होती, आणि त्याला वाटत होतं, की खरं हातात असूनही आपल्याला ते हिला देता येत नाही. खोटं बोलायचं असतं तर बरं झालं असतं. खोटं पटवता येतं. इथं खरंच पटत नव्हतं.

मोहाडीला ते उतरले तेव्हा दुपार कलायला लागली होती. बाजार ऐन भरात होता. भाजीवाल्यांचे पुकारे, मिरच्यांचे ढीग, उकडलेल्या शिंगाड्यांच्या टोपल्या घेऊन बसलेल्या मासेमार ढिवरांच्या बाया. तिथून घाटापर्यंत पायी जायचं होतं. आणि घाटाचा रस्ता गुलाबच्या ठेल्यावरून जात होता.

टेकचंद एकदम उजवीकडे वळला. "चल, इकडून जाऊ."

"इकडून कायले? इकडून फेरा पडते."

"इकडं गर्दी कमी हाये."

गर्दी तो वळला त्याच बाजूला जास्त होती. निर्मलाबाई थबकली, आणि तेवढ्यात गुलाबची हाक आली. बाजाराच्या गलक्यावरून जाणारी, खणखणीत.

"ओ टेकचंदभाऊ! आज असे दुरून दुरून काहून चालले? या न! तर्री आता उतरवली!"

टेकचंदनं ऐकलंच नाही असं केलं. पण तुळसानं कढईतला झारा वर करून हाक मारली, "भाऊ, तुमच्या तळलेल्या मिरच्या बाजूले काढून ठेवल्या हायेत! मंग नाही भेटल्या म्हनान!"

निर्मलाबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. मग ठेल्याकडे पाहिलं. आणि सरळ ठेल्यापाशी चालत गेली. टेकचंद मागे.

"वहिनी का?" गुलाब खुशीत म्हणाला. "बसा, बसा जी. पहिल्यांदाच आल्या तुमी."

"हो. मी पहिल्यांदाच आली," निर्मलाबाई बाकड्यावर बसत म्हणाली. "अन हे?"

"भाऊ तर दर बाजाराले येतेत! आमचं पक्कं गिऱ्हाईक. कोनी जागा घेतली तर मी उठवतो त्याले, म्हनतो हे आमच्या भाऊची जागा हाये."

गुलाबनं बोलता बोलता द्रोण भरला, नेहमीसारखा टेकचंदपुढे धरला. टेकचंदनं तो घेतला, कारण न घेऊन करतो काय. द्रोणातून वाफ निघत होती. तर्रीवर तेलाचा लाल तवंग, फुटलेल्या गुंड्याचा पिवळा गाभा, वर चिरलेला कांदा. तो द्रोण हातात धरून तो चोरी करताना पकडल्यासारखा उभा राहिला.

"दर बाजाराले," निर्मलाबाई म्हणाली.

"म्हनजे, दर म्हनजे..."

"घरी माह्यासमोर वरन-भात. कधी मधी पेजबी. माह्यासाठी! अन इथं तळलेल्या मिरच्या बाजूले काढून ठेवून राहिले लोकं!" तिचा आवाज चढला. बाजूच्या बाकड्यावरचे दोघे खाता खाता थांबले. "मी म्हनो, मानूस वरन-भात खाऊन जाडा कसा होऊन राहिला! मले वाटे, सूज आली का काय बिचाऱ्याले! आन इकडं ते!"

आणि तिनं टेकचंदच्या हातातला द्रोण ओढून घेतला.

"मी तिकडं मरून राहिली," तिनं गुंड्याचा मोठा तुकडा तोडला, तर्रीत बुडवला, "अन हे इकडं," तुकडा तोंडात टाकला, "मजा मारून राहिले!" चावला, गिळला, पुढचा तोडला. "लाज वाटते का नाही काही?"

टेकचंदचे डोळे विस्फारले. तो काही बोलणार, एवढ्यात तुळसानं त्याला डोळ्यांनी दटावलं. घरची गोष्ट तिला ठाऊक होती. त्यानंच कधीतरी बाकड्यावर बसून सांगितली होती. तिनं ओठांवर बोट ठेवलं आणि झाऱ्यानं हलकेच इशारा केला, चालू दे.

टेकचंदच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हिचा राग थांबता कामा नये.

"एवढंच नाही," तो म्हणाला. "भजेबी खाल्ले."

"भजे!" आणखी एक घास.

"पालकाचे. अन त्या समोरच्या दुकानात जलेबी."

"जलेबी! आग लागो त्या जलेबीले!" तिनं द्रोण पुढे केला. गुलाबनं न बोलता दुसरा गुंडा टाकला, तर्री ओतली. ती बोलतच होती. "अन मले काय सांगे? बाजारात काहीच नव्हतं म्हने! मोहाडीचा बाजार आता पहिल्यासारखा राहिला नाही म्हने!"

"अन तुमसरले गेलो तवा चिवडा," टेकचंद म्हणाला. हे मात्र त्यानं त्याच वेळी रचलं. तो तुमसरला गेल्याला वर्ष झालं होतं. "अन पेढे. पावभर. एकट्यानंच."

"एकट्यानं! पोराले एक तरी आनायचा!"

"अन मुंगवडे. इथलेच. मिरचीसंगं."

"दे वो बाई मले मुंगवडे," निर्मलाबाई तुळसाला म्हणाली, "पाहू दे मले, असं काय हाये त्याच्यात, घरच्या बाईपेक्षा जास्त."

तुळसानं कढईतून काढलेले गरम मुंगवडे द्रोणात टाकले. खरपूस, वरून खडबडीत, चावला की कुर्रकन आवाज व्हावा असे. निर्मलाबाईनं एक उचलला. कुर्र. मिरचीचा तुकडा चावला. दुसरा उचलला. टेकचंद बघत होता. बाजूच्या बाकड्यावरचे दोघे बघत होते. गुलाब पळी हातात धरून बघत होता. त्यालाही आता बायकोच्या तोंडाकडे पाहून काहीतरी उमगलं होतं.

मुंगवडे संपले. निर्मलाबाईनं आणखी काही बोलायला तोंड उघडलं आणि ती थांबली. तिनं द्रोणात पाहिलं. तिथं नुसता तर्रीचा लाल थर उरला होता. तिचा हात हळूहळू गळ्याकडे गेला. बोटांनी तिनं गळा चाचपला, गिळून पाहिलं, पुन्हा गिळून पाहिलं.

 कढईत तेल चुरचुरत होतं तेवढंच.

"अजी," ती अगदी बारीक आवाजात म्हणाली, "उतरलं."

"हो," टेकचंद म्हणाला.

"सारं उतरलं. मले समजलंबी नाही."

"हो."

"मुंगवडेबी."

 टेकचंद तिच्या बाजूला बाकड्यावर मटकन बसला, आणि एवढा मोठा गडी दोन्ही हातांत तोंड धरून हसत होता की रडत होता, कोणाला कळेना. निर्मलाबाईनं मात्र सरळ पदर डोळ्यांना लावला. तिनं रुखमाच्या मरणानंतर डोळ्यांतून पाणी काढलं नव्हतं. शहापूरला सगळ्या बाया गळ्यात गळा घालून रडल्या, तेव्हा ही कोरडी उभी होती. ती आता, भर बाजारात, आलूगुंड्याच्या ठेल्यावर रडली.

तुळसानं झारा बाजूला ठेवला, लोट्यात पाणी भरून आणलं आणि तिच्याजवळ टेकली. "रडा बाई, रडून घ्या."

"माही बहीन," निर्मलाबाई हुंदके देत म्हणाली, "लगीत, भारीच हौशी होती खायाची. लहानपनी आमी दोघी बाजाराले येऊ न, तर बाबाच्या मागं लागू. एक द्रोण, दोघीत. मी तर्री पिऊन टाको, तिच्यासाठी ठेवोच नाही. रुखमा मारे मले." ती रडता रडता हसली. "शेवटाले मले म्हने, निर्मले, मले काही तिखट दे. मी कुठून देऊ? पानीबी उतरत नव्हतं तिले. मी म्हनलं, बरी झाली का देतो. अन मंग मले घरी येऊन तिखट खावंसंच वाटे नाही. कसं खाऊ?"

टेकचंद ऐकत होता. इतक्या महिन्यांत ती हे बोलली नव्हती, ना त्याच्याजवळ ना आणखी कोणाजवळ. त्याला डॉक्टरांचं बोलणं आता पुरतं समजलं, आणि डॉक्टरांनाही न दिसलेलं थोडं समजलं.  तो तिच्या पाठीवर हात ठेवून बसला. बाजारात, चार लोकांत, त्यानं असा हात कधी ठेवला नव्हता. तिनंही तो झटकला नाही.

थोड्या वेळानं तिनं नाक पुसलं, पाणी प्यालं, आणि ती उभी राहिली. तर्रीनं तिचे ओठ लाल झाले होते, नाकाचा शेंडाही.

"तुमच्या मुंगवड्यात डाळ जराशी जाडी वाटली हाये," ती तुळसाला म्हणाली, "पन चांगले हायेत."

"जाडीच वाटतो मी. कुरकुरीत होते," तुळसा हसत म्हणाली. "येजा पुढच्या बाजाराले. यायच्यासंगं."

"यायच्यासंगं नाही तर काय, एकट्याले सोडन का मी आता यायले!"

भोजराजसाठी गुलाबनं पळसाच्या पानात मुंगवडे बांधून दिले. ते दोघे घाटाकडे निघाले. टेकचंदला आपण चालतो आहोत की तरंगतो आहोत, समजत नव्हतं. खांद्यावरचं एवढं मोठं पोतं कोणी अलगद उतरवून घ्यावं आणि मग रिकामे हात कुठं ठेवावेत ते सुचू नये, तसं झालं होतं त्याला. वाटेत लाखोरीच्या शेतात निर्मलाबाई वाकली, कोवळे शेंडे खुडून तिनं ओच्यात टाकले. "उद्या भाजी करतो," म्हणाली. "भाकरीसंगं."

घाटावर डोंगा लागलेलाच होता. नावाडी घनश्याम पाण्यात पाय सोडून बसला होता. सकाळी त्यानंच त्यांना या काठाला आणून सोडलं होतं, आणि भंडाऱ्याला कशासाठी चालले तेही त्याला ठाऊक होतं. त्यानं बाईला हात देऊन डोंग्यात घेतलं. मग जरा घुटमळून, टेकचंदकडे बघत, हळूच विचारलं.

"काय म्हनला जी डाक्टर?"

टेकचंदनं तोंड उघडलं, पण त्याच्या आधी निर्मलाबाईच बोलली. डोंग्याच्या काठाला धरून, पदर नीट खोचत, पाण्याकडे बघत.

"काही नाही म्हने गळ्यात. साफ हाये."

"बरं झालं बाई," घनश्याम म्हणाला, आणि त्यानं बांबू रेतीत रोवून डोंगा पाण्यात लोटला.